उलटा हात

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मी लिलावाची वही लिहिते.
पहाटे साडेपाचला आधी सुरमई, मग सरंगा,
मग बांगड्यांच्या टोपल्या, मोजून संपत नाहीत अशा.
आकडे ओरडले जातात, मी ते उतरवते.
खाऱ्या वाऱ्याने कागद सदा दमट.
एखादं खवलं पानाला चिकटून वाळतं,
दुसऱ्या दिवशी पेन त्यावर ठेचकाळतं.

पेन जुनं. निब खरखरायची.
प्रत्येक वेलांटीला ओरखडा,
साताच्या पोटात कागदाचे तंतू.

म्हणून गेले इनास सोजकडे.
तो छत्र्या दुरुस्त करतो, कुलुपं, गॅसची शेगडी,
आणि कुणी आणलंच तर शाईचं पेन.
घड्याळजीचं भिंग डोळ्यात अडकवून म्हणाला,
“कितकी मऊ होयी?”
मी म्हटलं, लोण्यासारखी.
तो हसला नाही.
समुद्रफेणाची पूड, काळ्या काचेवर पाण्याचा थेंब,
आणि त्यात इंग्रजी आठ गिरवत बसला,
मी शेजारच्या दुकानातून कोकम आणि काड्यापेट्या घेऊन येईपर्यंत.

आठवडाभर निब नुसती वाहिली.
अक्षरं लोळायला लागली,
र आपल्या शेजाऱ्याच्या घरात शिरला.
आणि पहिला फराटा कोरा जाऊ लागला:
शाई भरलेली, निब टेकलेली, कागदावर काही नाही.
शांबा आरोलकराच्या एकोणीस किलोंचे नऊ झाले.
तो वही घेऊन आला, ओरडला नाही,
फक्त त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून उभा राहिला.
ते जास्त लागलं.

परत इनासकडे.
मागच्या पडवीत मार्सेलीन मोरी साफ करायला बसली होती.
इनास म्हणाला, “हात फिरव. डोक्याकडसून शेपटेकडे.”
फिरवला. रेशीम.
“आता उलटो.”
तळहात सोलवटून निघाला.
“कळला? सुलट जाताना गप रवाक होया,
उलट जाताना बोलाक होया.
निब बोललीच नाय तर लिवणाऱ्याक कळतला कसा,
आपण लिवतंव म्हणान?”
मार्सेलीन म्हणाली, माझो मासो सोड आधी.

मला जेलपेन आठवलं.
तीन वर्षांपूर्वीचं, भावाच्या वकिलाचं,
टोपणावर कुठल्याशा बँकेचं नाव.
निबंधकाच्या कचेरीत पंखा बंद होता.
हक्कसोडपत्राची पाच पानं, पाच सह्या.
आगरातल्या सव्वीस माडांतले माझे साडेसहा,
पाणंदीकडची लिंबीण,
आई भांडी घासायची तो कातळ,
सगळं त्या पेनाखालून सुळकन गेलं,
हाताला एकदाही काही लागलं नाही.
सही छान येते हां तुझी, वकील म्हणाले.
मला बरं वाटलं होतं.

इनासने मिठाच्या पुडीचा कागद सपाट केला,
त्यावर निब तीनदा ओढली, चौथ्यांदा ओढता ओढता थांबला.
“पुरे. आता ह्याच्यापुढे माका विचारू नको,
तुझ्या हाताक विचार.”
चाळीस रुपये घेतले.

आता कशी आहे म्हणून कुणी विचारलं तर नीट सांगता येत नाही.
ओहोटीनंतर सागरेश्वरच्या ओल्या वाळूवरून अनवाणी चालताना
टाचेला वाळू कळते, पण टोचत नाही.
तेवढा कागद बोटांना कळतो.
पहाटे, आकडे ओरडले जात असताना,
कानाजवळ धरलं तर बारीक आवाजही येतो,
सुपात तांदूळ सरकावा तसा.
पण कानाजवळ धरायला वेळ कुणाला.

काल भाऊ आला बंदरावर.
आणखी एक कागद, विहिरीचा.
खिशातून पेन काढून त्याने टोपणसुद्धा उघडून दिलं.
मी माझं काढलं.
नावातली पहिली वेलांटी वर चढताना
निब बोलली.

मी तिथेच थांबले.
शाई वाळली, भावाने घड्याळ पाहिलं,
पलीकडे बर्फाच्या गाडीतून लाद्या उतरत होत्या,
कुणीतरी ओरडलं, अगो बाय, वजन लिव,
चौदा किलो, सरंगो.
मी तो कागद वहीखाली सरकवला
आणि चौदा लिहिले.